स्पेक्ट्रमच्या वाढीव मेमरीतील दोष कसा शोधावा

माझ्या मामांनी 1983 साली इंग्लंडहून आणलेला रबरी कळांचा 16 के (म्हणजे 16 किलोबाइट मेमरीचा) झेडएक्स स्पेक्ट्रम, सिंक्लेअर कंपनीचा घरगुती संगणक, आजही नागपूरच्या धरमपेठेतील आमच्या घरी चालू स्थितीत आहे. दोनतीन वर्षांनी त्यात आठ मेमरी चिप आणि चार लॉजिक चिप बसवून त्याचा 48 के करण्यात आला होता. गेल्या मे महिन्यात या वाढीव मेमरीने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी सातला यंत्र व्यवस्थित चालायचे. दुपारी एकच्या सुमारास, खोलीतला कूलर बंद असेल तर, अर्ध्या तासात पडदा विस्कटायचा आणि यंत्र आपोआप नव्याने सुरू व्हायचे. दोष सापडेपर्यंत मी जे जे तपासले त्यातले उपयोगी ते सर्व येथे क्रमाने लिहीत आहे. सोल्डरिंग आयर्न तापवण्यापूर्वी नेमका कोणता बिट चुकतो आहे हे यंत्राकडूनच वदवून घ्यावे, या एका गोष्टीवर माझा सगळा भर आहे. आठही चिप सरसकट बदलणाऱ्याचे बोर्ड बहुतेक वेळा त्या बदलण्यातच खराब होते.

हे विवेचन मुख्यतः दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्तीच्या बोर्डांना लागू आहे. पहिल्या आवृत्तीत वाढीव मेमरी वेगळ्या छोट्या बोर्डावर बसत असे. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने भारतात परवान्याखाली विकलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस मुळातच 48 केचा होता. पण वरची मेमरी तपासण्याची रीत त्यालाही तीच आहे, फक्त चिपांचे क्रमांक बोर्डावर पाहून घ्यावेत.

स्पेक्ट्रमच्या मेमरीचे तीन भाग पडतात. 0 ते 16383 या पत्त्यांवर रॉम असते. 16384 ते 32767 या पत्त्यांवर खालची 16 के रॅम असते. आयसी6 ते आयसी13 या आठ 4116 चिपांची ही मेमरी पडद्यावरचे चित्रही सांभाळते, आणि तिला अधिक 5, अधिक 12 व उणे 5 असे तीन व्होल्टेज लागतात. 32768 ते 65535 ही वरची 32 के रॅम म्हणजे आपली वाढीव मेमरी. ती आयसी15 ते आयसी22 या आठ चिपांत राहते, प्रत्येक चिप एक बिट सांभाळते, आणि तिला फक्त अधिक 5 व्होल्ट पुरतात. आयसी23 (74एलएस32), आयसी24 (74एलएस00) आणि आयसी25 व आयसी26 (दोन्ही 74एलएस157) या चार चिप प्रोसेसरचा पत्ता या मेमरीला समजेल अशा रूपात पोहोचवतात. मूळ वाढीव चिप 4532 किंवा 3732 जातीच्या असत. 64 केच्या ज्या चिपांचा अर्धा भाग सदोष निघे, त्या 32 केच्या म्हणून विकल्या जात. याच चिप सिंक्लेअरने स्वस्तात वापरल्या. बोर्डावरच्या तारेच्या जोडण्या, म्हणजे लिंक, चिपचा उत्पादक आणि तिचा चांगला अर्धा भाग यांप्रमाणे लावलेल्या असतात. त्यामुळे आठही 4532 एकाच शेवटच्या अंकाच्या असाव्या लागतात. शेवटी 3 असलेल्या आणि शेवटी 4 असलेल्या चिपांची सरमिसळ झाली तर तुरळक, विखुरलेल्या चुका दिसतात आणि दिवसचे दिवस वाया जातात.

सर्वप्रथम वीजपुरवठा. मूळ अॅडॉप्टर 9 व्होल्ट, 1.4 अँपिअरचा असून त्याच्या पिनचा मधला भाग ऋण असतो. बर्डीच्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अॅडॉप्टरांचा मधला भाग धन असतो, आणि असा अॅडॉप्टर क्षणभर लावला तरी आतला 12 व्होल्ट निर्माण करणारा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. म्हणून नवा अॅडॉप्टर प्रत्येक वेळी मल्टिमीटरने तपासूनच लावावा. मूळ अॅडॉप्टर भार नसताना 9 पेक्षा बरेच जास्त व्होल्ट दाखवतो. त्याने घाबरू नये. यंत्र चालू करून आयसी15 ते आयसी22 या प्रत्येक चिपच्या 8 व 16 क्रमांकाच्या पायांमध्ये व्होल्टेज मोजावे. ते 4.75 ते 5.25 च्या दरम्यान हवे, आणि एकाच चिपवर ते कमी भरत असेल तर दोष बहुधा सॉकेटमध्ये किंवा जोडात आहे. मोजताना मल्टिमीटरची सुई घसरून शेजारच्या पायाला लागू देऊ नये. खालच्या मेमरीच्या चिपांवर 12 व्होल्ट असतात, आणि तेथे झालेली चूक फार महागात पडते.

यंत्र उघडताना खालचे पाच स्क्रू काढल्यावर वरचे झाकण झटक्याने उचलू नये. कळफलकाच्या दोन पातळ पट्ट्या वयाने कडक झालेल्या असतात आणि त्या चटकन तुटतात. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात स्थिर विजेचा धोकाही खरा असतो: नायलॉनचे कपडे टाळावेत आणि अर्थिंगला जोडलेला मनगटपट्टा वापरावा. कूलरचा दमट वारा थेट बोर्डावर येऊ देऊ नये. वर्षानुवर्षे असा वारा लागलेल्या स्वस्त सॉकेटांचे पाय काळे पडलेले मी पाहिले आहेत. चिप सॉकेटांत असतील तर यंत्र बंद करून एकेक चिप हलकेच वर उचलून पुन्हा दाबावी आणि संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. निम्म्याअधिक वेळा दोष एवढ्यानेच जातो असे मी म्हणणार नाही, पण चिप बदलण्याआधी हे करून पाहणे आवश्यक आहे.

यंत्र स्वतः काय मोजते

स्पेक्ट्रम सुरू होताना रॉममधील एक छोटा कार्यक्रम मेमरी मोजतो, आणि तो कसा मोजतो हे समजले की निम्मे निदान झाले. तो 65535 पासून खाली येत प्रत्येक पत्त्यावर 2 हा आकडा लिहितो. या वेळी पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर लाल उभ्या बारीक रेघा दिसतात, कारण चित्राची मेमरीही त्याच 2 ने भरली जाते. मग तो 16384 पासून वर जातो आणि प्रत्येक पत्त्यातील आकडा दोनदा एकेकाने कमी करतो. पहिल्या वेळी शून्य आले, किंवा दुसऱ्या वेळी शून्य आले नाही, तर तो पत्ता खराब मानून त्याच्या आधीच मेमरी संपली असे ठरवतो. 48 केच्या यंत्रात हे सारे व्हायला साधारण दीड सेकंद लागतो आणि 16 केच्या यंत्रात साधारण त्याच्या निम्मा. सवय झाली की नुसत्या वेळेवरूनही फरक कळतो. मोजलेला शेवटचा पत्ता 23732 आणि 23733 या जागी ठेवला जातो. म्हणून पहिली आज्ञा अशी द्यावी:

प्रिंट पीक 23732+256*पीक 23733

(प्रिंट ही आज्ञा पी या कळीवर आहे, पीक, म्हणजे पत्त्यातला आकडा वाचणारी आज्ञा, विस्तारित अवस्थेत ओ या कळीवर आहे.)

उत्तर 65535 आले तर यंत्राच्या मते मेमरी पूर्ण आहे. 32767 आले तर वरच्या मेमरीचा पहिलाच पत्ता नापास झाला आहे आणि यंत्र 16 के म्हणून चालू झाले आहे. मधलाच आकडा आला तर त्याच्या पुढचा पत्ता पहिला खराब पत्ता होय. हा मधला आकडा बोलका असतो. उदाहरणार्थ, 49151 आले तर खराब पत्ता 49152 आहे, म्हणजे 32768 अधिक 16384. असा दोनाच्या घातावर पडणारा आकडा दिसला की आठही चिपांकडे जाणारी पत्त्याची एखादी ओळ तुटली आहे आणि एकच जागा दोन पत्त्यांवर दिसते आहे, असा संशय घ्यावा. मल्टिप्लेक्सरचे, म्हणजे 74एलएस157 चे, एक टोक मेले तर पत्त्याचे दोन बिट एकदम जातात आणि आकडा त्यांतल्या लहान बिटाप्रमाणे येतो. अगदीच वेडावाकडा आकडा आला तर एखाद्या चिपमधला थोडासाच भाग खराब आहे असे समजावे.

या तपासणीत मात्र एक मोठी उणीव आहे. लिहिलेला आकडा 2 आणि नंतर होणारे आकडे 1 व 0. म्हणजे 2 ते 7 क्रमांकांच्या बिटांवर ती 1 कधी लिहीतच नाही. यांपैकी एखादा बिट कायम 1 वर अडकला तर तपासणी त्याला पकडते, कारण दुसऱ्या वेळी शून्य येत नाही. पण तो कायम 0 वर अडकला असेल तर तपासणी निर्धास्तपणे 65535 सांगते. त्यानंतर यंत्र आपला स्टॅक मेमरीच्या सर्वांत वरच्या टोकाला ठेवते, तेथे परतीचे पत्ते लिहिते, त्यातील एक बिट गळतो आणि प्रोसेसर भलत्याच ठिकाणी पोहोचतो. पडद्यावर 1982 सालचा सिंक्लेअरचा संदेश येण्याआधीच यंत्र अडकते किंवा पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होते. हे लक्षण पाहून लोक खालची मेमरी, यूएलए (पडद्याचे चित्र तयार करणारी सिंक्लेअरची खास चिप), अगदी प्रोसेसरसुद्धा बदलतात, आणि दोष वरच्या मेमरीतील एका चिपमध्ये निवांत बसलेला असतो. माझ्या यंत्राचे नेमके हेच झाले होते. फरक एवढाच की बिट थंडीत बरा होता आणि उन्हात अडकत होता.

कोणता बिट चुकतो

यंत्र 32767 दाखवून सुरू होत असेल तर काम सोपे आहे, कारण बेसिक भाषेतला कार्यक्रम आणि स्टॅक दोन्ही खालच्या, चांगल्या मेमरीत राहतात. उत्तर 65535 किंवा मधला आकडा असेल तर आधी क्लिअर 32767 ही आज्ञा द्यावी (क्लिअर एक्स या कळीवर आहे), म्हणजे स्टॅक खाली येतो. मग मधला एखादा पत्ता घेऊन पुढीलप्रमाणे करावे (पोक ही आज्ञा पत्त्यावर आकडा लिहिते):

पोक 40000,255: प्रिंट पीक 40000
पोक 40000,0: प्रिंट पीक 40000

पहिल्या वेळी 255 आणि दुसऱ्या वेळी 0 परत यायला हवेत. 255 लिहून 223 परत आले तर फरक 32 चा आहे, म्हणजे बिट 5 शून्यावर अडकला आहे. 0 लिहून 4 परत आले तर बिट 2 एकावर अडकला आहे. बिट 0 आयसी15 मध्ये, बिट 1 आयसी16 मध्ये, असे करत बिट 7 आयसी22 मध्ये असतो. म्हणजे 32 चा फरक आयसी20 कडे बोट दाखवतो आणि 4 चा फरक आयसी17 कडे. यंत्र बंद करून खात्री करून घ्यावी: संशयित चिपच्या 14 क्रमांकाच्या पायापासून झेड80 या प्रोसेसरच्या योग्य पायापर्यंत मल्टिमीटरवर सलगता दिसली पाहिजे. झेड80वर डेटाचे बिट 0 ते 7 अनुक्रमे 14, 15, 12, 8, 7, 9, 10 आणि 13 या पायांवर असतात. सलगता नसेल तर चिप निर्दोष असून तांब्याची वाट तुटलेली असू शकते.

एका पत्त्यावर सर्व ठीक दिसले तर सगळी वरची मेमरी फिरून पाहावी. 32768 ते 65535 असा फॉर लूप लावून प्रत्येक जागी 255 लिहावे, लगेच वाचावे आणि वेगळे आले तर पत्ता व आकडा छापावा. मग तेच 0, 85 आणि 170 यांनी करावे. प्रत्येक फेरीला दहाएक मिनिटे लागतात. लगेच वाचून पत्त्यांची सरमिसळ कळत नाही, म्हणून शेवटच्या फेरीत आधी सर्व जागांवर पत्त्याला 256 ने भागून येणारा पूर्णांक लिहावा आणि सर्व लिहून झाल्यावरच वाचायला सुरुवात करावी. आठही चिपांकडे जाणारी पत्त्याची ओळ सुटलेली असेल तर ती बहुधा येथे उघडी पडते.

यंत्र संदेशापर्यंत पोहोचतच नसेल तर हे सारे करता येत नाही. त्यासाठी निदानाची रॉम कार्ट्रिज मिळते, आणि ती असेल तर जरूर वापरावी. माझ्याकडे ती नव्हती, पण चिप सॉकेटांत होत्या, म्हणून मी यंत्र बंद करून आयसी15 काढून ठेवली. बिट 0 ची चिप नसल्यामुळे रॉमची तपासणी 32768 वरच नापास झाली, यंत्राने स्वतःला 16 के समजून स्टॅक खाली ठेवला आणि पडद्यावर संदेश आला. मग बिट 0 कडे दुर्लक्ष करून उरलेले सात बिट वरील पद्धतीने तपासता आले. दुपारी दोन वाजता, यंत्र पुरेसे तापल्यावर, 255 लिहून 223 परत आले. सकाळी तेथेच 255 येत होते. आयसी20 सापडली.

उन्हाशी असा संबंध असण्यामागे कारण आहे. या मेमरीत प्रत्येक बिट एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधील भाराच्या रूपात असतो, तो गळत राहतो आणि तापमान वाढले की अधिक वेगाने गळतो. म्हणून चिपमधील 128 रांगा दर 2 मिलिसेकंदांत एकदा तरी ताज्या कराव्या लागतात. झेड80 हे काम आज्ञा वाचता वाचता, सामान्यतः त्याहून बऱ्याच कमी वेळात करतो, त्यामुळे निरोगी चिपला उन्हाचा त्रास होत नाही. पण म्हातारी चिप आणि तिचे आतले जोड 45 अंशांच्या दुपारी, बंद पेटीत, 5 व्होल्ट देणाऱ्या 7805 रेग्युलेटरच्या तापलेल्या पत्र्याशेजारी टिकत नाहीत. तपासणी एकदा थंड यंत्रावर आणि एकदा तापलेल्या यंत्रावर करावी, असे मी ठामपणे सांगेन.

एकाच वेळी सगळेच बिट चुकत असतील, किंवा काहीही लिहिले तरी 255 च परत येत असेल, तर आठ चिप एकदम मरत नाहीत हे लक्षात घेऊन लॉजिक चिपांकडे वळावे. वरची मेमरी सतत वाचणारा छोटा बेसिक लूप चालू ठेवावा आणि लॉजिक प्रोब किंवा ऑसिलोस्कोप घेऊन मेमरी चिपच्या 4 आणि 15 क्रमांकांच्या पायांवर स्पंदने येतात का ते पाहावे. तेथे शांतता असेल तर आयसी23 व आयसी24 संशयित आहेत. 74एलएस157 वर 4, 7, 9 आणि 12 हे बाहेर जाणारे पाय आहेत. आत येणारे पाय हलत असताना बाहेरचा पाय स्थिर असेल तर ती चिप बदलावी. या चिप स्वस्त आहेत आणि बर्डीवरील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत आजही मिळतात.

चिप बदलताना

संशयित चिपच्या पाठीवर चांगली चिप पायाला पाय लावून दाबून पाहण्याची युक्ती प्रसिद्ध आहे. आतला जोड सुटून चिप गप्प झाली असेल तर ती चालते. चिप ओळ खाली ओढून धरत असेल तर मात्र वरची चिप काही करू शकत नाही, म्हणून या युक्तीने फरक पडला नाही तरी चिपला निर्दोष ठरवू नये.

बदली म्हणून 4164 ही 64 केची चिप घ्यावी. तिचे दोन्ही अर्धे चांगले असल्यामुळे लिंक कशीही लावलेली असली तरी ती 4532 च्या जागी बसते, आणि बाकीच्या सात चिप तशाच ठेवता येतात. 150 नॅनोसेकंदांची, म्हणजे क्रमांकाच्या शेवटी 15 असलेली चिप पुरेशी वेगवान आहे. तिच्या माहितीपत्रकात 128 रांगा आणि 2 मिलिसेकंद असे लिहिले आहे का ते पाहावे. काही उत्पादकांच्या 4164 ला 256 रांगा ताज्या कराव्या लागतात, आणि झेड80 चा मोजक सात बिटांचाच असल्याने त्या सर्व रांगांपर्यंत पोहोचत नाही. दुसरी सूचना त्याहून महत्त्वाची: 4164 खालच्या मेमरीत, 4116 च्या जागी, कधीही बसवू नये. दोन्हींना सोळाच पाय असतात आणि त्या सारख्याच दिसतात, पण 4116 च्या 8 क्रमांकाच्या पायावर 12 व्होल्ट असतात. 4164 तेथे 5 ची अपेक्षा करते आणि जळते.

चिप थेट सोल्डर केलेली असेल तर तिला वाचवण्याचा मोह सोडावा. बारीक कटरने सोळाही पाय चिपच्या अंगालगत कापावेत, मग एकेक पाय वरून चिमट्याने धरून खालून उष्णता द्यावी आणि तो सहज सुटला तरच ओढावा. आयर्न 320 ते 350 अंशांवर ठेवावे आणि एका जागी तीन सेकंदांहून अधिक टेकवू नये. भोके मोकळी करताना थोडे नवे सोल्डर घालून मग पंपाने ओढले की ती स्वच्छ निघतात. नंतर चांगल्या प्रतीचे सॉकेट लावावे आणि चिपची खाच शेजारच्या चिपांच्याच दिशेला आहे हे दोनदा पाहून ती बसवावी.

नवी आयसी20 बसवून, आयसी15 परत जागी ठेवून मी यंत्र चालू केले तेव्हा 65535 आले, पण तेवढ्यावर विश्वास ठेवण्यासारखी स्थिती नव्हती. क्लिअर 32767 देऊन चारही आकड्यांच्या फेऱ्या सकाळी केल्या. मग झाकण नुसते वर ठेवून, कूलर बंद करून, यंत्र दुपारी तीन तास चालू ठेवले आणि फेऱ्या पुन्हा केल्या. एकही पत्ता चुकला नाही, तेव्हाच कळफलकाच्या पट्ट्या सरळ आत सरकवून पाच स्क्रू लावले. काढलेली चिप बिट 5 आणि तारीख लिहिलेल्या पाकिटात ठेवली आहे. तोच संच, त्याच वर्षी बसवलेल्या उरलेल्या सात चिप अजून बोर्डावर आहेत, आणि पुढच्या मे महिन्यात त्यांच्यापैकी एखादी बोलू लागली तर तपासणी याच क्रमाने करायची आहे.